चौथा ठिपका

मुंबईतून तारे दिसत नाहीत, हे मला माहीत आहे. सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण माझं काम ज्याला ज्याला कळलं त्या प्रत्येकाने ही माहिती मला आपणच पहिल्यांदा देतोय अशा थाटात दिली आहे. रिक्षावाल्याने दिली, दाताच्या डॉक्टरने माझं तोंड उघडं असताना दिली, लेकीच्या लग्नात व्याह्यांनी दिली. "भांडुपमधून तारे बघता?" असं म्हणून वर बोट दाखवायचं आणि हसायचं. अहो, भांडुपमधून मी काही बघत नव्हते. बघणारी दुर्बीण चिली देशात एका उजाड डोंगरावर आहे. तिने काढलेली चित्रं इंटरनेटवरून आमच्याकडे यायची, आणि गोरेगावला आरेच्या कडेला असलेल्या आमच्या केंद्रात, खडखडणाऱ्या एसीखाली बसून, आम्ही त्या चित्रांत ग्रह शोधायचो. आपल्या सूर्याचे नव्हेत, जवळपासच्या दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. तारे मात्र भांडुपमधून अजूनही दिसत नाहीत, तेव्हा सर्वांचं म्हणणं खरं ठरलं.

दुसरा प्रश्न म्हणजे "सापडला का?" हा विचारण्यात माझी मामी आघाडीवर. ती टेंभीपाड्यात राहते, नव्वदीला टेकली आहे, आणि गणपतीत, लग्नात, बारशात, जिथे भेटेल तिथे चारचौघांत विचारते, "गावलो काय गो तुझो ग्रह?" मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "गावना नाय तर पगार कित्याक देतत तुका?" या प्रश्नाला माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं. आमच्या केंद्राच्या संचालकांकडेही नव्हतं.

तर खरं काय ते सांगते. माझ्या नावावर एकही ग्रह नाही. पण एक ठिपका जगात सगळ्यांच्या आधी मी पाहिला होता, आणि तो पुन्हा एकदा बघा म्हणून जीव तोडून भांडले होते. त्या भांडणाची ही हकीकत आहे. राग अजून पुरता गेलेला नाही, त्यामुळे कुठे आवाज चढला तर सांभाळून घ्या.

आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर भांडण कळायचं नाही.

ग्रहाला ताऱ्यासारखा स्वतःचा लखलखाट नसतो. तो ताऱ्याला अगदी खेटून असतो आणि त्याच्या तुलनेत फारच मंद असतो. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर समोरून ट्रक सगळे दिवे फेकत येतोय आणि त्या दिव्याच्या काचेजवळ एक डास घोंघावतोय. आता मुलुंड टोलनाक्यावर उभं राहून विक्रोळीजवळच्या त्या ट्रकचा डास दाखवा. हे आमचं काम. म्हणून बहुतेक लोक डास बघायच्या फंदातच पडत नाहीत. ते ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो का, तारा किंचित हेलकावतो का, यावरून ग्रह आहे असं अनुमान काढतात. शहाणी माणसं. आम्ही मात्र ग्रहाचं थेट चित्रच काढायच्या मागे लागलेले.

त्यासाठी दोन युक्त्या. पहिली, नवा जन्मलेला तारा निवडायचा. त्याचे ग्रहही नवे असतात, आणि नवा ग्रह तव्यावरून आत्ताच उतरलेल्या भाकरीसारखा आतून गरम असतो. ती ऊब खास कॅमेऱ्याला दिसते. दुसरी युक्ती, दुर्बिणीच्या आत ताऱ्यावर बरोबर मधोमध एक झाकणी ठेवायची, आपण उन्हात डोळ्यांवर हात धरतो तशी. तरीही थोडा उजेड झाकणीच्या कडेने गळतोच, आणि तो नुसता गळत नाही, त्याचे शेकडो ठिपके होतात. एकेक ठिपका हुबेहूब ग्रहासारखा. मग आम्ही काय करायचो, दुर्बिणीचा कॅमेरा जागच्या जागी स्थिर ठेवून तासभर चित्रं काढायची. तेवढ्या वेळात आकाश हळूहळू फिरतं. जे खोटे ठिपके असतात ते दुर्बिणीचेच असल्यामुळे जागेवर राहतात. खरा ग्रह आकाशाबरोबर फिरतो. जे जागेवर राहिलं ते संगणकाने वजा करायचं. जे उरलं ते बघत बसायचं.

आणि हे सगळं करून ठिपका उरला, तरी तो ग्रह नसतोच. शंभरातल्या नव्वद वेळा तो मागे फार दूर असलेला कुठलातरी भलताच तारा असतो, योगायोगाने त्याच दिशेला आलेला. ते ओळखायला एकच उपाय: वर्षभराने पुन्हा बघायचं. जवळचा तारा आकाशात हळूहळू सरकत असतो. ठिपका त्याच्याबरोबर सरकला तर तो त्याचा. मागे राहिला तर परका. भाजीबाजारात एखादं पोर कुणाचं आहे ते ओळखायचं असेल तर बाई चालू लागेपर्यंत थांबायचं, तसं. मात्र इथे बाई वर्षाला पाऊलभर चालते, आणि बाजारात पुन्हा शिरायला परदेशातल्या समितीकडे अर्ज करावा लागतो.

आमच्या गटात माझं काम होतं ठिपके मारायचं. कुणी ठिपका आणला की तो खोटा आहे हे मी सिद्ध करायचं. मिलिंद गायकवाड मला "सुपारी घेणारी" म्हणायचा. मिलिंद म्हणजे आमचा संगणकवाला, विक्रोळीच्या कंपनी कॉलनीत वाढलेला. त्याचे वडील जालन्याहून येऊन तिथल्या कारखान्यात लागले होते. मशीन बंद पडली की तिला आधी शिवी द्यायची आणि मग उघडायची, हा त्यांचा धडा त्याने संगणकापर्यंत आणला होता. आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो, त्यामुळे आमचं अरे-तुरे.

लोकांना मात्र यातलं काही नको असायचं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा गच्चीवर दुर्बीण घेऊन आले, लेकाने वाढदिवसाला घेतलेली, आणि कोजागिरीला सर्व सभासदांना "आपल्या मॅडमचा ग्रह" दाखवायचा असं त्यांनी परस्पर नोटीस बोर्डावर लावूनही टाकलं. कोजागिरीला! वर्षातला सगळ्यात लखलखीत चंद्र डोक्यावर. मी चार वेळा समजावलं. शेवटी सगळ्यांनी रांग लावून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघितलं, मसाला दूध प्यायले आणि फार छान वाटलं म्हणाले. एक पत्रकार आला होता, त्याला "रंगीत फोटो" हवा होता. मी त्याला आमचं चित्र दाखवलं. मधे काळं भोक, भोवती राखाडी गिचमिड. तो बराच वेळ बघून म्हणाला, "मॅडम, हे लोड होतंय का अजून?"

ग्रहाचं नाव काय ठेवणार, हेही सगळे विचारतात. नाव ठेवत नाहीत हो. ताऱ्याचा जो काही लांबलचक नंबर असेल त्याच्यापुढे एक 'बी' लावतात. संपलं.

आता देवधर सर.

देवधर सर आमचे गटप्रमुख. पुण्यातून आलेले, मुलुंडला स्थायिक झालेले, बोलताना एकही शब्द सांडणार नाहीत असे. कधी कुणावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, आपल्यालाही ओरडता आलं असतं. ते प्रत्येकाला अहो-जाहो करत आणि प्रत्येक गोष्टीला नियम लावत. त्यांचा मुख्य नियम पाचाचा. आजूबाजूच्या गिचमिडीपेक्षा ठिपका पाचपट उठून दिसला तर तो आहे. नाहीतर नाही. हा नियम त्यांचा एकट्याचा नाही, जगभर आहे, आणि चांगला आहे. पण जगभर लोक पाचाच्या जरा खाली असलेल्या ठिपक्याला "थांब, तुला परत बघतो" म्हणतात. सर त्याला "नाही" म्हणायचे.

त्यालाही कारण होतं, आणि ते मला आणि मिलिंदला दोघांनाही माहीत होतं. तरुणपणी, परदेशात असताना, सरांना एक ठिपका सापडला होता. चांगला ठळक होता म्हणे. वर्षभर थांबायच्या आधीच ती बातमी पेपरात आली, इकडे त्यांच्या जुन्या ऑफिसात पेढे वाटले गेले. वर्षाने बघितलं तर ठिपका मागे राहिला. परका तारा. पुढे कित्येक वर्षं कुणाचं काही फसलं की लोक "देवधरांचा ग्रह" म्हणायचे, आणि सर त्याच खोलीत बसलेले असायचे. माणूस असा पोळला की ताकही फुंकून पितो, हे मी समजू शकते. पण सर ताक प्यायचंच सोडून बसले होते.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे पेरणी. हे बाहेरच्यांना विचित्र वाटेल, पण आमच्या धंद्यात सगळेच करतात. वजाबाकी करताना संगणक खऱ्या ग्रहालाही थोडं खातो. किती खातो ते कळावं म्हणून मूळ चित्रांची एक प्रत घ्यायची, तिच्यात मुद्दाम खोटे ग्रह पेरायचे आणि ते परत सापडतात का ते बघायचं. सरांनी याची परीक्षा करून टाकली होती. कुठल्याही नव्या ताऱ्याची चित्रं आली की ते स्वतः प्रतीत खोटे ग्रह पेरायचे. किती आणि कुठे ते फक्त त्यांना माहीत. मग ती प्रत माझ्याकडे. मी शोधून जागा सांगायच्या. माझे डोळे आणि माझी पद्धत बरोबर ठरली, तरच मूळ चित्रांना हात लावायचा. मला या परीक्षेत बहुतेक वेळा पैकीच्या पैकी मिळायचे, आणि मला त्याचा अभिमान होता. आजही आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तरुण ताऱ्याची चित्रं आली. सरांनी पेरणी केली, मी आठवडाभर घासलं आणि त्यांच्या खोलीत जाऊन चार जागा सांगितल्या.

सरांनी ऐकून घेतलं. "परबबाई, तीन बरोबर. एक चूक."

"चूक म्हणजे?"

"मी तीनच पेरले होते. तुम्ही चार सांगितलेत."

"मग चौथा कुणाचा?"

"तुमच्या डोळ्यांचा," सर म्हणाले.

मी तिथेच उभी राहिले. मला वाटलं, आता त्यांच्या लक्षात येईल. आपण आकाशाचं चित्र घेतलं, त्यात तीन खोटे ग्रह घातले, आणि बाईला चार सापडले. तर एक आकाशातला नसेल कशावरून? पाचवीतल्या पोराला सुचेल. पण सरांच्या डोक्यात त्या क्षणी ते आकाश नव्हतंच, तो त्यांनी काढलेला पेपर होता. पेपर आपण काढला असेल तर बरोबर उत्तरं आपल्यालाच माहीत असतात. त्या पेपरात एक प्रश्न दुसऱ्या कुणी घातला असेल, हे मनात आलंच नाही. इतकी शिकलेली माणसंच अशी चूक करू शकतात, आमच्या मामीने केली नसती.

मी मूळ चित्रं मागितली, काही न पेरलेली. सरांनी दिली, अडवलं नाही. त्यात पेरलेले तीन अर्थातच नव्हते. चौथा होता. झाकणीच्या कडेजवळ, फिकट, पण होता.

"आहे, सर."

"किती पट?"

"चारच्या वर."

"पाचच्या वर आहे का?"

"नाही."

"मग नाही."

मी म्हटलं, "सर, मी ग्रह आहे म्हणतच नाही. मी फक्त परत बघू या म्हणतेय. एक तास."

"असा प्रत्येक चारच्या ठिपक्याला एकेक तास दिला तर आयुष्य पुरणार नाही, परबबाई." हेही बरोबरच होतं. सरांचं प्रत्येक वाक्य सुटं सुटं बरोबर असायचं, हाच तर त्रास होता.

खाली कँटीनमध्ये मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, "सोड ना यार परब. तो माणूस पाचाच्या खाली स्वतःच्या बायकोला पण ओळखणार नाही."

"अरे पण मला माहितीये तो खरा आहे."

"तुला? तू तर सुपारी घेतेस. आजपर्यंत एक तरी ठिपका तू जिवंत सोडलायस का?"

"म्हणून तर सांगतेय ना. याला मी सगळ्या बाजूंनी मारून बघितलं. अर्धी अर्धी चित्रं घेतली, वेगळ्या पद्धतीने वजा केली, उलटी फिरवून बघितली. मरत नाहीये."

मिलिंदने चहाचा कप खाली ठेवला. चेष्टा थांबली की तो कप खाली ठेवतो. "मग अर्जात घाल," तो म्हणाला. "सगळ्यात शेवटी घाल. शेवटची ओळ म्हातारा वाचत नाही."

म्हाताऱ्याने वाचली. पण त्या वेळी खोडली नाही, का कोण जाणे. समितीने आमचा अर्ज मंजूर केला, आणि त्या यादीत सगळ्यात शेवटी, एका तासासाठी, माझा तारा होता.

चिलीतली रात्र म्हणजे आपली सकाळ आणि दुपार. आमचं निरीक्षण असं भरदिवसा चालायचं, खिडकीतून आरेच्या गोठ्यांकडे चाललेला चाऱ्याचा टेम्पो दिसतोय आणि पडद्यावर डोंगरावरची रात्र. दुर्बीण तिथली माणसं चालवायची, आम्ही इथून हो-नाही लिहून कळवायचो. सकाळभर सगळं सुरळीत चाललं होतं. मी डबा उघडला नव्हता. माझ्या ताऱ्याला अजून वेळ होता आणि सरांना तेव्हा नेमकी संचालकांकडे मीटिंग होती, हेही मला शुभच वाटलं होतं.

आणि पडदा गेला. वीज नाही, इंटरनेटची लाइन. मिलिंदने संगणकाला आपल्या वडिलांची शिवी दिली, उपयोग झाला नाही. तो धावत खाली गेला, मी मागे. गेटबाहेर कुणीतरी रस्ता खणत होतं. कसला खड्डा, कुणाचा खड्डा, आजतागायत कळलं नाही, मुंबईत खड्ड्याला बाप नसतो. यंत्राच्या दातांत आमची केबल लोंबत होती. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, नकाशात लाइन दाखवलीच नव्हती."

मिलिंद म्हणाला, "भाऊ, ती लाइन नाही, या बाईंचा ग्रह आहे. सोड आता तो."

मोबाइलवरून फोन लावायचा तर आरेच्या त्या वळणावर तेव्हा रेंज नाही. मी रिक्षा करून हायवेपर्यंत जायला निघाले, अर्ध्यात मिलिंदचा निरोप आला की गार्डच्या केबिनमधल्या जुन्या लाइनवरून जोडणी मिळाली, परत ये. परत आले. पडद्यावर डोंगरावरच्या माणसांचे निरोप एकाखाली एक थांबले होते. वारा वाढलाय, आता दुर्बीण वाऱ्याच्या दिशेने तोंड करू शकत नाही. पण तुमचा शेवटचा तारा उलट बाजूला आहे, तो आत्ता लगेच घेऊ का? मग, कृपया कळवा. मग, उत्तर नसल्यामुळे पुढच्या गटाचं काम सुरू करत आहोत, शुभ रात्री.

फक्त 'हो' लिहायचं होतं हो. मी तिथेच टेबलावर डोकं ठेवलं. मिलिंदने माझा डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. मी जेवले नाही.

सर मीटिंगहून आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाईट झालं." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण पुढच्या अर्जात मी तो तारा घातला तेव्हा त्यांनी खोडला. समितीला नवे तारे दाखवायला हवेत, एकाच फिकट ठिपक्यासाठी दोनदा वेळ मागितला तर हसतील. हसतील! सगळं तिथेच येऊन अडत होतं. त्यानंतर दर अर्जाला मी नाव घालायची आणि सर खोडायचे, हा आमचा परिपाठच झाला. मग सर निवृत्त झाले, दुर्बिणीतली आमची भागीदारी संपली, आणि मी दुसऱ्यांचे ठिपके मारत बसले. त्या कामात मी तरबेज होते, ठिपके तपासायला आपोआप माझ्याकडे यायचे. पण माझ्या ताऱ्याकडे परत बघायचा काही मार्ग माझ्या हातात उरला नव्हता. जगात आणखी कुणीतरी कधीतरी तिकडे बघेल एवढंच, आणि तसं झालं तर ते त्यांचं होणार, हेही मला ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर थोड्याच महिन्यांनी भांडुपच्या बाजारात मिलिंदचा फोन आला. तो अजून नोकरीत आहे.

"परब, कुठेयस?"

"कोळणीसमोर."

"हातात काय आहे?"

"सुरमई."

"ती खाली ठेव आधी." मग म्हणाला, "चौथा खरा निघाला गं."

एका परदेशी गटाने, नव्या, आमच्याहून कितीतरी चांगल्या कॅमेऱ्याने, तो पाहिला होता. वर्षाने पुन्हा पाहिला होता. ताऱ्याबरोबर सरकला होता. ग्रह. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आणि पाठोपाठ असा संताप आला की कोळीण "काय गो बाय, घेतंस का नाय?" म्हणाली तेव्हा मी तिच्यावरच खेकसले. तिचा बिचारीचा काय संबंध.

पण खरी आग पुढे लागली. त्या गटाने सभ्यपणे आपल्या लेखाचा कच्चा मसुदा आमच्या केंद्राला पाठवला होता. दुर्बिणीची चित्रं काही काळाने सगळ्यांना खुली होतात, तशी त्यांनी आमचीही काढून बघितली होती, आणि त्यात आता कुठे बघायचं ते माहीत असल्यामुळे त्यांना ग्रह दिसला होता. जुनी जागा मिळाल्यामुळे त्यांना ग्रहाची कक्षा काढता आली, आमचे आभारही मानले होते. आणि वाक्य होतं: भारतीय गटाच्या जुन्या चित्रांत हा ग्रह आहे, परंतु तो त्यांच्या लक्षात आला नाही.

लक्षात आला नाही!

शोध त्यांचा, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दोनदा बघेल त्याचा ग्रह, हा धंद्याचा कायदा आहे आणि मी जन्मभर तो दुसऱ्यांना लावला आहे. पण लक्षात आला नाही, हे मी ऐकून घेणार नव्हते. मी त्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर नम्र होतं आणि रास्तही. हे कुठे छापलेलं आहे का? नव्हतं, घरातल्या परीक्षेचा निकाल कोण छापतं? मिलिंद म्हणाला, "मी लिहून देतो ना, माझ्यासमोर झालंय सगळं." पण काय पेरलं होतं आणि काय पेरलं नव्हतं हे एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या लोकांना त्याचाच शब्द हवा होता.

मी मुलुंडला गेले. सर दार उघडायला स्वतः आले. बारीक झालेत, पण इस्त्रीचा शर्ट तोच. टेबलावर सोसायटीच्या पार्किंगविषयीची लांबलचक तक्रार लिहिणं चालू होतं, मुद्दे क्रमवार. मी सगळं सांगितलं. त्यांनी बातमी वाचली होती, पण तो आपलाच तारा आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आल्यावर त्यांनी विचारलं,

"किती पट होता?"

मला हसावं की रडावं कळेना. "चारच्या वर, सर."

"पाचच्या खाली."

"हो, खाली."

"म्हणजे माझा निर्णय नियमाप्रमाणे होता."

"होता."

"आणि ग्रहही होता."

"होता, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मी येतानाच एक वाक्य तयार करून आणलं होतं, त्यांना बोचू नये असं. ते वाचून दाखवलं: हा ठिपका गटाच्या लक्षात आला होता, परंतु काही अडचणींमुळे त्याची खात्री करून घेता आली नाही. यावर ते सही करतील अशी माझी आशा होती. नाही केली तर काय करायचं, हा विचार मी रिक्षात मुद्दामच केला नव्हता.

"हे चूक आहे," सर म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "काय चूक आहे, सर? आता तरी काय चूक आहे?"

"गटाच्या लक्षात आला नव्हता. तुमच्या आला होता. आणि अडचणी कसल्या? एकदा केबल होती. नंतर दरवेळी मी होतो."

त्यांनी पार्किंगची तक्रार बाजूला सारली, माझ्याकडून त्या गटाचा ईमेलचा पत्ता घेतला आणि मोबाइलवर एका बोटाने लिहायला लागले. लिहून झाल्यावर मला दाखवलं. मीच ती परीक्षा घेतली होती, असं आधी होतं, आणि मग दोन छोटी वाक्यं. परबबाईंनी तो पाहिला होता. मी तो चूक धरला. तिसरं वाक्य नव्हतं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी पाठवून दिलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

लेख छापून आला तेव्हा ते वाक्य बदललेलं होतं. त्यात माझं नाव आहे, मामीला वाचूनही दाखवलं. पण ते नंतर. त्या दिवशी सरांकडे चहा प्यायले, त्यांच्या पार्किंगचं ऐकून घेतलं, निघाले, आणि पहिल्याच मजल्याच्या वळणावर मला रडू फुटलं. आनंदाचं नव्हतं. इतक्या सहज, उभ्या उभ्या, एका बोटाने लिहून टाकलं त्या माणसाने. दहा वर्षांपूर्वी "परत एकदा बघू या" एवढंच म्हणायचं होतं. त्याला याहून कमी शब्द लागले असते.